जुन्या मोटारीस ब्रेक-बूस्टर बसवितांना

मोटारीविषयीं आपल्या विद्यार्थ्यांत जें बोलणें चालतें तें बहुधा वेगाविषयींचें असतें. अमुक मोटार ताशीं किती मैल धांवते हा प्रश्न दहा मुलें विचारतील. ती किती अंतरांत थांबते हें विचारणारा एखादाच. वस्तुतः मोटारींत बसणाऱ्याच्या व रस्त्यानें पायीं जाणाऱ्याच्या जिवाचा संबंध ह्या दुसऱ्या प्रश्नाशीं अधिक आहे. अलीकडे जुन्या मोटारी जतन करण्याची हौस आपल्या इकडेही वाढली आहे, आणि अशा मोटारीचा मालक डागडुजीस हात घालतो तेव्हां 'ब्रेकला बूस्टर बसवून घ्या' असा सल्ला त्यास हटकून मिळतो. हा बूस्टर म्हणजे काय, तो काय करितो, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे तो काय करीत नाहीं, याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. शास्त्राच्या पुस्तकांत आपण तरफ, दाब व घर्षण हे धडे निरनिराळे वाचतों. येथें ते तिन्ही एकाच यंत्रांत एकत्र येतात.

बोलणें मोघम होऊं नये म्हणून एकच मोटार डोळ्यांपुढें ठेवूं. ती मोटार मॉरिस मायनर. आलेक इसिगोनिस या कल्पक यंत्रज्ञानें तिची आखणी केली व सन १९४८ मध्यें लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. पुढील दोन तपांत अशा सोळा लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. आपल्या देशांत हिंदुस्थान मोटर्स कंपनीनें १९५० च्या सुमारास पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यांतून हीच मोटार 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें बाहेर काढली होती, म्हणून ती आपणांस अगदींच परकी नाहीं. तिचे चारही ब्रेक ड्रमचे व तेलाच्या दाबानें चालणारे असून त्यांस बूस्टर मुळींच नव्हता. प्रथम ड्रमचा व्यास सात इंच होता. १९६२ मध्यें १०९८ घनसेंटिमीटरचें मोठें इंजिन आलें तेव्हां पुढच्या चाकांचे ड्रम आठ इंचांचे करण्यांत आले. तिच्या काळच्या विरळ रहदारींत हे ब्रेक पुरेसे होते. आज तिच्यापुढें धांवणाऱ्या मोटारीस डिस्कचे ब्रेक, बूस्टर व चाकें जाम होऊं न देणारी विजेची योजना अशीं सर्व साधनें असतात. ती मोटार एकाएकीं थांबली म्हणजे मागच्या मायनरवाल्याचा पाय फळीपर्यंत जातो व त्याच्या कपाळावर घाम येतो. तेव्हां त्याची चिंता खोटी नाहीं. उपाय मात्र नीट समजून करावयास हवा.

प्रथम मूळ ब्रेक कसा चालतो तें पाहूं. पेडल ही एक तरफ आहे. तिच्या लांब भुजेवर आपला पाय असतो व आंखूड भुजेस मास्टर सिलिंडरचा दट्ट्या जोडलेला असतो. दोन भुजांचें प्रमाण पांचास एक असें धरलें, तर पायाच्या ५० पौंड जोराचे दट्ट्यावर २५० पौंड होतात. मायनरच्या मास्टर सिलिंडरचा व्यास सात-अष्टमांश इंच, म्हणजे दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें ०·६ चौरस इंच. यावरून तेलांत दर चौरस इंचास सुमारें ४१५ पौंड दाब उत्पन्न होतो, आणि पास्कालच्या नियमाप्रमाणें तो चारही चाकांकडे सारखाच पोंचतो. तेथें व्हील सिलिंडरांचे दट्ट्ये ब्रेक-शूंस ढकलतात, शूवरील लायनिंग फिरत्या ड्रमवर घांसतें व चाकाची गति मंदावते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मास्टर सिलिंडर लहान व्यासाचा घेतला तर त्याच पायाच्या जोरानें दाब वाढतो, परंतु तेल थोडें सरकतें व त्यामुळें पेडल फार खालीं जातें. मोठ्या व्यासाचा घेतला तर पेडल उंचावर राहतें, पण जोर अधिक लावावा लागतो. तरफेचेंही तसेंच. एकीकडे मिळविलें तें दुसरीकडे द्यावें लागतें. तेव्हां 'मोठा सिलिंडर बसविला म्हणजे ब्रेक जोरदार होईल' ही जी समजूत कारखान्यांतून आढळते ती सरळ उलटी आहे.

ड्रमच्या ब्रेकला निसर्गाची एक देणगी असते. फिरणाऱ्या ड्रमच्या दिशेनेंच जो शू उघडतो त्यास ड्रम स्वतःच ओढून अधिक घट्ट दाबतो. दार उघडतांना खालीं पाचर अडकली व आपण दार तसेंच पुढें लोटलें, तर पाचर अधिकच रुतते. तसाच हा प्रकार. म्हणजे ड्रमच्या ब्रेकमध्यें थोडासा बूस्टर जणूं जन्मतःच असतो. डिस्कच्या ब्रेकमध्यें ही ओढ नाहीं. तेथें पट्ट्या दोन्ही बाजूंनीं सरळ चिमट्यासारख्या दाबतात आणि त्यामुळें जोर बराच अधिक लागतो. डिस्क व बूस्टर हीं बहुधा एकत्र दिसतात याचें कारण हेंच होय. उलट पक्षीं, चारही ड्रम सुस्थितींत असलेल्या हलक्या मायनरला बूस्टरची खरी निकड फार क्वचित् असते, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. ज्यांच्या गुडघ्यांत किंवा घोट्यांत बळ उरलेलें नाहीं अशा वृद्ध चालकांची गोष्ट निराळी.

आतां ब्रेकचें खरें काम पाहा. प्रवाशांसह एक टन, म्हणजे हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ८० किलोमीटर वेगानें धांवत असेल, तर तिच्या ठायीं असलेली गतिज शक्ति सुमारें पाऊण लिटर थंड पाणी उकळीस आणण्याइतकी असते. मोटार थांबली म्हणजे ही शक्ति नाहींशी होत नाहीं. ती सर्व उष्णता होऊन ड्रममध्यें शिरते. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. लागोपाठ पांच-सहा वेळां ब्रेक लावला कीं ड्रम तापून फुगतात, लायनिंगचें घर्षण कमी होतें आणि पेडल कितीही दाबलें तरी मोटार ऐकत नाहीं. बूस्टर येथें काडीचीही मदत करीत नाहीं. तो दाब वाढवितो. उष्णता बाहेर टाकण्याची ड्रमची शक्ति तो वाढवीत नाहीं.

याहून मोठी मर्यादा टायरची. मोटार शेवटीं थांबविते ती रस्ता व रबर यांमधील पकड. कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षणांक ०·७ धरला, तर ८० च्या वेगापासून थांबण्यास सुमारें ३६ मीटर लागतात. पावसानें ओल्या रस्त्यावर तो ०·४ झाला तर ६३ मीटर. शिवाय चालकाचें लक्ष जाऊन पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत आणखी २२ मीटर निघून जातात ते निराळेच. जोरानें पेडल दाबल्यावर ज्या मोटारीचीं चाकें आधींच जाम होऊं शकतात तिला बूस्टर लावल्यानें हें अंतर एका हातानेंही कमी होणार नाहीं. पायास श्रम कमी पडतील, एवढेंच. जी मोटार जोरानें दाबूनही चाकें जाम होण्याच्या जवळ जात नाहीं तिच्यांत कोठें तरी दोष आहे, व तो प्रथम शोधला पाहिजे.

असें असतांही बूस्टर ही मोठ्या बुद्धीची वस्तु आहे यांत शंका नाहीं. तिचें मूळ तत्त्व आपल्या प्रयोगशाळेंत दरवर्षीं दाखविण्यांत येतें. पत्र्याच्या डब्यांत थोडें पाणी उकळून त्याचें तोंड घट्ट बंद करावें व डबा थंड होऊं द्यावा. कोणीही हात न लावतां तो चेंगरून जातो. त्यास चेंगरतें तें बाहेरील वातावरण. जर्मनींतील मागडेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फोन गेरिके यानें सतराव्या शतकांत तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आंतील हवा काढली, तेव्हां दोहों बाजूंस आठ-आठ घोडे जुंपूनही ते अलग होईनात. समुद्रसपाटीस हा हवेचा भार दर चौरस इंचास १४·७ पौंड असतो.

पेट्रोलच्या इंजिनांत ही पोकळी आयतीच तयार होते. चालकानें ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं कार्ब्युरेटरची झडप मिटते. पण सिलिंडर हवा ओढीतच राहतात. त्यामुळें इनलेट मॅनिफोल्डमधील हवा विरळ होते. इंजिन नुसतें मंद चालत असतां ही विरळता पाऱ्याच्या सुमारें २० इंचांइतकी, म्हणजे वातावरणाच्या दोन-तृतीयांश भरते. बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. त्याच्या मधोमध रबरी पडदा असतो, त्यास डायफ्रॅम म्हणतात. ब्रेक सोडलेला असतांना पडद्याच्या दोन्ही अंगांस सारखीच पोकळी असते, त्यामुळें तो स्वस्थ बसतो. पेडल दाबतांच एक लहान झडप उघडून एका अंगास बाहेरची हवा येते व पडदा दुसऱ्या अंगास ढकलला जातो. पाय जितका दाबावा तितकीच हवा आंत यावी अशी ह्या झडपेची घडण असते, म्हणून चालकास ब्रेकवरील ताबा सुटल्यासारखें वाटत नाहीं.

जोर किती मिळतो? सात इंच व्यासाच्या पडद्याचें क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच. पोकळी २० इंचांची, म्हणजे दाबांतील अंतर दर चौरस इंचास ९·८ पौंड. गुणाकार पावणेचारशें पौंडांच्या घरांत जातो. आठ इंची पडदा घेतला तर जवळजवळ पांचशें. मधल्या दांड्याची जागा व स्प्रिंगचा विरोध वजा जातां प्रत्यक्षांत हे आंकडे थोडे उतरतात. एका इंचाच्या वाढीनें जोर तिसऱ्या हिश्शाच्या जवळ वाढतो हें मात्र विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पाहावें. इंजिन झिजलेलें असून पोकळी दहाच इंच भरत असेल तर हा सर्व जोर निम्म्यावर येतो. अशा वेळीं कोणी पोकळी सांठविण्याची जादा टांकी बसविण्यास सुचवितात. टांकीनें मदतीच्या खेपा वाढतात, प्रत्येक खेपेचा जोर वाढत नाहीं. तसेंच, महाबळेश्वरासारख्या साडेचार हजार फूट उंचीच्या ठिकाणीं वातावरणाचा भारच तीस इंचांवरून सुमारें साडेपंचवीस इंचांवर आलेला असतो, तेव्हां तेथें प्रत्येक बूस्टर थोडासा दुबळा होतो. डिझेल इंजिनांत हवा अडविणारी अशी झडप नसल्यामुळें पोकळीसाठीं निराळा पंप लागतो.

ही युक्ति मोटारीस प्रथम कोणी लावली? बेल्जममधील यंत्रज्ञ आल्बेर दवांद्र यानें १९२७ मध्यें असा निर्वात-साहाय्यक सिद्ध केला व जर्मनींतील बॉश कंपनीनें तो बाजारांत आणिला. अमेरिकेंत पिअर्स-ॲरो या उंची मोटारींत १९२८ मध्यें अशीच योजना आली. त्या काळीं ती श्रीमंतांची चैन होती.

मायनरला बूस्टर बसवावयाचा म्हटल्यास दोन मार्ग आहेत. पहिल्यांत बूस्टर पेडल व मास्टर सिलिंडर यांच्या मधोमध बसतो; आजच्या मोटारींत सर्वत्र हाच दिसतो. परंतु मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखालीं, तळच्या पोलादी तुळईच्या पोटांत दडलेला असतो. तेथें आठ इंची डबा मावणार कोठें? त्यासाठीं पेडलेंच नवीं करून इंजिनामागच्या पडद्यावर टांगावीं लागतात. दुसरा मार्ग सोपा. मूळ पेडल व मूळ मास्टर सिलिंडर जसेच्या तसे ठेवून, तेथून निघालेली तेलाची नळी इंजिनाजवळ आणून एका स्वतंत्र बूस्टरमधून नेतात. ह्या बूस्टरला स्वतःचा एक छोटा सिलिंडर असतो. मास्टर सिलिंडरकडून आलेलें तेल त्याची हवेची झडप उघडतें, पडदा सरकतो व छोट्या दट्ट्यास ढकलून पुढील नळींतील दाब वाढवितो. लॉकहीड पद्धतीच्या ज्या बूस्टरचा प्रसार जुन्या इंग्रजी मोटारींत पुष्कळ आहे त्याचें प्रमाण १·९ ला १ असें असतें. वरील उदाहरणांत ५० पौंडांच्या पायानें ४१५ चे सुमारें ७९० होतात. किंवा पूर्वीचाच ४१५ चा दाब पाहिजे असल्यास पायाचा जोर २६ पौंड पुरतो.

ह्या दोन मार्गांची निवड करितांना लोक किंमत व सोय पाहतात. आमच्या मतें पाहावयाची गोष्ट तिसरीच आहे: मदत नाहींशी झाली तर मागें काय उरतें? हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हें आगगाडीच्या इतिहासावरून दिसून येईल. आयर्लंडांतील आर्मा गांवाहून १२ जून १८८९ रोजीं रविवारच्या शाळेच्या मुलांची सहल घेऊन एक गाडी निघाली होती. चढावर इंजिन थकलें, म्हणून गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं वर न्यावा असें ठरलें. त्या गाडीचा निर्वात-ब्रेक असा होता कीं पोकळी असेपर्यंतच तो लागे. डबे सोडतांच मागच्या भागाची नळी तुटली, ब्रेक नाहींसा झाला, आणि हातब्रेक व चाकांखालीं ठेवलेले दगड यांस न जुमानतां ते डबे उतारावरून मागें धांवत सुटले व मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ऐंशीं जीव गेले. त्यांत बालकें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून उतारूंच्या गाड्यांस आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. ह्या सुधारलेल्या योजनेंत पोकळी ही ब्रेक सोडून ठेवण्यासाठीं वापरतात. नळी तुटली कीं हवा आंत शिरून ब्रेक स्वतःच लागतो. आपल्या आगगाड्यांवर अनेक वर्षें असाच व्हॅक्यूम ब्रेक होता; पुढें त्याची जागा दाबलेल्या हवेच्या ब्रेकनें घेतली.

मोटारीचा बूस्टर मात्र ह्या बाबतींत जुन्या आर्माच्या गाडीचा नातलग आहे. पोकळी गेली कीं मदत गेली. सुदैवानें खालीं पायाचा ब्रेक शिल्लक राहतो. पण तो कितपत राहतो हें निवडीवर अवलंबून आहे. स्वतंत्र बूस्टरच्या योजनेंत मूळ तरफ व मूळ सिलिंडर बदललेले नसल्यामुळें, बूस्टर बंद पडला तरी तेल त्यांतून सरळ पुढें जातें व मोटार पूर्वीं जशी थांबत असे तशीच थांबते. पहिल्या योजनेंत बहुधा तरफेचें प्रमाण पांचावरून चारावर आणितात व सिलिंडर एक इंचाचा घेतात, कारण बूस्टर आहे तोंवर तेंच सोयीचें. परंतु तो बंद पडला कीं ५० पौंडांच्या पायानें तेलांत फक्त २५५ पौंडांचा दाब येतो. पूर्वीइतका दाब आणण्यास ८० हून अधिक पौंड जोर पाहिजे. ज्या वृद्धासाठीं हा सारा खटाटोप केला त्याच्या पायांत तो असेल काय?

आपल्या घाटांत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीं. पेट्रोल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची वाईट खोड कित्येक चालकांस आहे. बूस्टरच्या तोंडाशीं एकमार्गी झडप असल्यामुळें सांठलेल्या पोकळीवर एक-दोन वेळां मदत मिळते. नंतर पेडल दगडासारखें होतें, आणि तें नेमकें वळणावर. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरतांना दुसरा गिअर घालून इंजिन चालूं ठेवावें. अशा वेळीं मॅनिफोल्डमध्यें पोकळी सर्वांत अधिक असते, शिवाय इंजिनच गाडीस मागें ओढून धरतें व ड्रम थंड राहतात.

बूस्टर विकत घेण्यापूर्वीं करावयाचीं कामें पुष्कळ आहेत व तींच बहुधा टाळलीं जातात, कारण त्यांत दाखविण्यासारखें कांहीं नसतें. चारही ड्रम उतरवून ते वाटोळे आहेत कीं लंबगोल झाले आहेत तें मोजावें. व्हील सिलिंडरांतून तेल पाझरून लायनिंग भिजलें असेल तर तें धुवून काम भागत नाहीं, नवेंच घालावें लागतें. चाकांजवळच्या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात, पण जुन्या झाल्यावर आंतून सुजून तेल अडवितात. मग ब्रेक सोडला तरी तें चाक ओढत राहतें. शू ड्रमपासून किती दूर आहेत तें चाक हातानें फिरवून जमवावें. ब्रेक-ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. कोरडें असतां डॉट ३ चा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेंटिग्रेड व डॉट ४ चा २३० अंश असावा लागतो. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १४० व १५५ अंशांवर येते. कोंकणच्या पावसाळ्यांत दोन वर्षें काढलेलें तेल घाटांत उकळलें तर नवल नाहीं. तेलाची वाफ झाली कीं पेडल स्पंजासारखें दबतें. ब्रेकच्या टांकींत इंजिनचें तेल कधींही घालूं नये. त्यानें आंतील रबर फुगून निकामी होतें.

हीं सर्व कामें करून मोटार चालवून पाहिल्यावर, बूस्टर नको, असें म्हणणारे मालक पुष्कळ निघतील. ज्यांस तरीही तो हवा आहे, किंवा ज्यांनीं पुढच्या चाकांस डिस्क बसविल्या आहेत, त्यांच्यासाठीं पुढील गोष्टी सांगतों. डिस्क बसविल्यावर मायनरच्या मास्टर सिलिंडरच्या टोकाशीं असलेली, नळींत थोडा दाब राखून ठेवणारी लहान झडप काढावी लागते; ती ड्रमसाठीं आहे, डिस्कला ती सतत घांसत ठेवते. स्वतंत्र बूस्टर सपाट न बसवितां तेल बाहेर जाण्याचें तोंड वर राहील असा तिरका बसवावा, नाहींतर त्यांतील हवा कधींच पुरती निघत नाहीं. मॅनिफोल्डला पोकळीसाठीं छिद्र पाडावयाचें असल्यास तो इंजिनावरून उतरवून पाडावें. लोखंडाचा कीस आंत गेला तर ब्रेकच्या नादांत इंजिन जाईल. पोकळीची नळी साधी पाण्याची रबरी नळी नसावी, कारण ती चिपाडासारखी मिटते. एकमार्गी झडप उलटी बसणार नाहीं हें पाहावें.

एका गोष्टीवर मी विशेष जोर देतों. जुन्या इंग्रजी मोटारीच्या नळ्यांचे आटे इंची मापाचे, व आज बाजारांत मिळणारे बूस्टर बहुधा मेट्रिक मापाचे. तीन-अष्टमांश इंचाचा आटा व दहा मिलिमीटरचा आटा डोळ्यांस सारखेच दिसतात, आणि जोर केला तर एकमेकांत दोन-तीन फेरे जातातही. असा जोड हातास घट्ट लागतो. पण ऐन दाबाच्या वेळीं सुटतो. आणि मायनरमध्यें चारही चाकांस एकच तेलाचा मार्ग आहे हें विसरूं नये. एक जोड सुटला कीं चारही ब्रेक गेले. बूस्टर त्यांत कांहींच वांचवूं शकत नाहीं. अमेरिकेंत १९६८ पासून नव्या मोटारींस दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले ते याच कारणास्तव. पैसा एकाच कामापुरता असेल तर तो बूस्टरवर न घालतां दुहेरी मास्टर सिलिंडरवर घालावा, असें मी तरी सांगेन.

बूस्टर बिघडल्याचें एक लक्षण चांगल्या कारागिरांसही चकवितें. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध डॉक्टरसाहेबांच्या मायनरमधून पांढरा धूर येऊं लागला. एका कारखान्यांत इंजिनच्या रिंगा गेल्या असें निदान होऊन सारें इंजिन उघडण्यांत आलें. खर्च झाला, धूर गेला नाहीं. "अहो, ब्रेकचें तेल दर आठवड्यास कमी होतें, पण खालीं थेंबही दिसत नाहीं, हें कसें?" असें डॉक्टरसाहेबच एके दिवशीं म्हणाले, तेव्हां उलगडा झाला. बूस्टरच्या आंतील रबर फाटून ब्रेक-ऑइल पोकळीच्या नळीवाटे इंजिनांत ओढलें जात होतें व तेथें जळत होतें. धूर इंजिनचा, पण रोग ब्रेकचा!

आपल्याकडे कायद्याचीही एक बाजू आहे. नोंदलेल्या मोटारीच्या मूळ रचनेंत फेरबदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचें बंधन आहे. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद व्हावयाची तर ती मूळ स्वरूपांत राखलेली असावी लागते. म्हणून पेडलें कापण्यापूर्वीं परिवहन कचेरींत व विमा कंपनींत चौकशी करावी. काढलेले मूळ भाग तेल लावून, कागदांत गुंडाळून ठेवावे.

सर्व जोडून व हवा काढून झाल्यावर परीक्षा अशी घ्यावी. इंजिन बंद ठेवून पेडल पांच-सहा वेळां दाबावें, म्हणजे शिल्लक पोकळी संपून तें कठीण लागेल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरूं करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर काम करीत आहे. हललें नाहीं तर नळी किंवा झडप तपासावी. पुढें इंजिन एक मिनिट चालवून बंद करावें व दहा मिनिटांनीं पेडल दाबावें. पहिल्या दाबास मदत मिळाली तर एकमार्गी झडप पोकळी राखून आहे. त्यानंतर मोकळ्या सपाट मैदानावर, आजूबाजूस कोणी नसतांना, इंजिन बंद करून व सांठलेली पोकळी संपवून मित्रांकडून मोटार माणसाच्या चालीनें ढकलवावी आणि पुढें ती जो नेहमीं चालविणार त्यासच ब्रेक दाबावयास सांगावें. शेजारीं बसणाऱ्यानें त्या वेळीं हातब्रेकवर हात ठेवावा.